देशाची जर्सी, शेवटचं वर्ष आणि कंसातलं एक वाक्य

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी वीस वर्षांची आहे. नाशिकला पंचवटीत राहते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा अंबडला एका कंपनीत मशीनवर आहेत, आई घरून डबे देते. शाळेत कबड्डी खेळायचे. पळायला वेगवान म्हणून सरांनी रग्बीत आणलं. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीत, विंगला (मैदानाच्या कडेला) खेळते. जिल्हा झालं, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आता भारतीय संघाच्या निवड शिबिरासाठी नाव आलं आहे. शिबिर आणि शेवटच्या सत्राची परीक्षा एकाच वेळी आलीय. सर म्हणतात, "ही संधी परत येणार नाही, परीक्षा पुढच्या वर्षीही असते." बाबा म्हणतात, "रग्बी खेळून कुणाचं पोट भरलंय?" आईला काळजी, की कुठे मोडलं-बिडलं तर लग्नाचं काय. मी मोबाइलवर न्यूझीलंड-इंग्लंडच्या खेळाडूंचे व्हिडिओ बघते, तेव्हा वाटतं, एकदा इंडिया खेळले की पुढचं सगळं आपोआप मार्गी लागेल. आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून करिअर करू की पदवी घेऊन नोकरी बघू? (तीन आठवड्यांपूर्वी सरावात टॅकल करताना, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला पकडून पाडताना, डोकं दुसऱ्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. थोडा वेळ स्कोअर आठवत नव्हता. अजूनही उन्हात डोकं दुखतं, वाचायला बसलं की मळमळतं. नाव कापतील म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. बाकी तब्येत छान आहे.)

— ‘विंगर’, नाशिक

प्रिय विंगर,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तू शेवटी कंसात टाकलंस. मी तिथूनच सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांना थोडे दिवस मिळाले तरी चालतील, याला नाही.

तुला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदू हादरणं) झालंय असं निदान मी इथे बसून करू शकत नाही. पण टॅकलमध्ये डोकं आपटणं, त्यानंतर स्कोअर न आठवणं, तीन आठवड्यांनीही उन्हात डोकं दुखणं, वाचताना मळमळणं ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत. बेशुद्ध पडलं तरच मेंदूला मार बसतो असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात कन्कशन झालेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत. डबा आपटला की आतलं दही हलतं आणि डब्याला बाहेरून पोचाही आलेला नसतो, तसं हे असतं. म्हणूनच साध्या सीटी स्कॅनमध्येही बहुतेक वेळा काही दिसत नाही. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे खेळायला मोकळी, असं कुणी सांगितलं तरी मानू नकोस. रक्तस्राव झालेला नाही, एवढंच तो स्कॅन सांगतो.

आता जे सांगते ते तुला घाबरवायला नाही. पहिला मार पुरता भरून यायच्या आत डोक्याला दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. हे क्वचित होतं, पण ज्यांच्या बाबतीत झालंय ते बहुतेक तरुण खेळाडूच आहेत. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या एका रग्बी सामन्यात चौदा वर्षांचा मुलगा असाच गेला. डोक्याला मार लागूनही तो त्या सामन्यात खेळत राहिला होता. आणि लांबच्या परिणामांचं म्हणशील, तर स्टीव्ह थॉम्पसनचं नाव तू ऐकलं असशील. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघाचा हा हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला खेळाडू. चाळिशी ओलांडल्यावर लगेचच त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. २०२० मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. ज्या दिवसासाठी आयुष्य घासलं, तोच दिवस गेला. त्याच्यासारख्या बऱ्याच माजी खेळाडूंनी पुढे खेळाच्या संघटनांना कोर्टात खेचलं. त्यातूनही आजचे नियम कडक होत गेले.

वेळेवर थांबलं तर कन्कशन बहुतेकांचं पूर्ण बरं होतं. म्हणून हे पत्र वाचून झालं की आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. शक्यतो न्यूरॉलॉजिस्टकडे. बाबांच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल तर अविवाहित मुलगी म्हणून तुझं नाव त्यात बसतं. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे, तिथून पुढची चिठ्ठी मिळते. नसेल तर जिल्हा रुग्णालय आहेच. डॉक्टरांना ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगू नकोस. रग्बी, टॅकल, गुडघा, स्कोअर आठवत नव्हता, हे सगळं त्याच क्रमाने सांग. डॉक्टर लेखी ‘हो’ म्हणेपर्यंत टॅकल नाही, स्क्रम (दोन्ही संघांनी खांदे भिडवून ढकलणं) नाही, गंमत म्हणूनही नाही. परत यायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी रोजची कामं आणि अभ्यास त्रासाशिवाय जमले पाहिजेत, मग चालणं-सायकल, मग पळणं, मग बॉल घेऊन सराव, मग डॉक्टरांची परवानगी आणि त्यानंतरच टॅकल. सामना सगळ्यात शेवटी. मधे कुठे डोकं दुखलं तर एक पायरी खाली यायचं. आणि अचानक डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, बोलताना जीभ अडखळली किंवा हातपाय जड पडले तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं. हे तुझ्या घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

"नाव कापतील," असं तू लिहिलंस. कापतीलही. मी खोटा दिलासा देणार नाही. पण जागतिक रग्बी संघटनेचा सगळ्या पातळ्यांवरचा नियमच असा आहे, की डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचं. बड्या सामन्यांत त्यासाठी वेगळे डॉक्टर आणि वेगळी तपासणी असते. तुझ्या सरावाला असं कुणी नव्हतं, म्हणून ते काम तुझ्यावर आलं आणि तू ते टाळलंस. भारतीय शिबिरात पोचलीस आणि तिथल्या फिजिओने पहिल्याच दिवशी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार?", तर काय सांगशील? खोटं बोललीस तर तुझ्या शेजारी उभ्या असणाऱ्या सहा जणींशी खोटं बोलशील. खरं बोललीस तर तिथून परत पाठवतील, आणि परीक्षाही हातची गेलेली असेल.

इथे जरा खेळातलं बोलू, कारण मला एक शंका येतेय. मी शाळेत खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलं. कबड्डीतून रग्बीत येणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. त्यांचा दम, पायातला वेग, पकडीची भीती नसणं हे सगळं त्यांना उपयोगी पडतं. पण कबड्डीतली एक सवय महागात पडते. मांडीची पकड करताना किंवा डॅश मारताना डोकं कुठे आहे याकडे कबड्डीत फारसं लक्ष जात नाही, कारण समोरची रेडर बहुतेक वेळा जवळच असते आणि मागे सरकत असते. रग्बीत ती वीस-पंचवीस मीटर पळत तुझ्या अंगावर येते. तेव्हा डोकं तिच्या पुढच्या बाजूला राहिलं तर तिचा गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर बसते. डोकं तिच्या पाठीमागच्या बाजूला, गाल तिच्या कमरेला चिकटलेला, नजर वर, आणि खांदा आधी. रग्बीत डोक्याला होणाऱ्या दुखापती सगळ्यात जास्त टॅकलमध्ये होतात, आणि त्यातही टॅकल करणारीला जास्त. ‘डोकं दुसऱ्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं’ असं तू लिहिलंस, म्हणजे डोकं बहुधा चुकीच्या बाजूला होतं. बरी झालीस की आधी गुडघ्यांवर बसून, संथपणे, पॅडवर हे घोटून घे. तुझ्या सरांनाही हे वाचून दाखव. त्यांनी तुझ्यातला वेग ओळखून तुला या खेळात आणलं, ते याचंही मनावर घेतील.

आता तुझा मूळ प्रश्न. ‘एकदा इंडिया खेळले की पुढचं सगळं मार्गी लागेल’ हे वाक्य तू कुठल्या आधारावर लिहिलंस?

व्हिडिओत तुला दिसतं ते फार थोड्यांचं आयुष्य आहे, आणि तेही फार जुनं नाही. रग्बी युनियन (तुझं सेव्हन्स हा त्याचाच छोटा प्रकार) हा खेळ १९९५ च्या ऑगस्टपर्यंत अधिकृतपणे हौशीच होता. खेळायचे पैसे घेणं नियमात बसत नव्हतं. वेल्सचा जे.पी.आर. विल्यम्स देशाकडून ५५ कसोटी (आंतरराष्ट्रीय सामने) खेळला तो डॉक्टरकी सांभाळून, आणि पुढे हाडांचा सर्जन झाला. न्यूझीलंडचा कॉलिन मीड्स, ज्याचं नाव तिकडे आजही आदराने घेतात, तो शेतकरी होता. निफाड-पिंपळगावची माणसं द्राक्षाची छाटणी उरकून संध्याकाळी तालमीत जातात, तसं त्याचं होतं. या लोकांना कुणी ‘अर्धवेळ खेळाडू’ म्हणत नाही.

व्यावसायिक झाल्यावर तरी सगळं सुरक्षित झालं का? २०२२ मध्ये इंग्लंडमधले वूस्टर वॉरियर्स आणि वॉस्प्स हे दोन नावाजलेले क्लब कर्जात बुडाले. २०२३ मध्ये लंडन आयरिश गेला. देशाकडून खेळलेले खेळाडूही महिन्याच्या मध्यावर बिनपगारी झाले. न्यूझीलंडचा कर्णधार रिची मकॉने १४८ कसोटी खेळून, दोन विश्वचषक जिंकून २०१५ मध्ये खेळ सोडला, तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता. मग त्याने हेलिकॉप्टर चालवण्याचं काम धरलं. तो सगळ्यात लांब टिकलेल्यांपैकी. विंगला खेळणाऱ्यांचा वेग त्याच्याही आधी उतरतो.

आणि बायकांचं रग्बी तर अजून मागे आहे. इंग्लंडने आपल्या महिला संघातल्या २८ जणींना पूर्णवेळ करार दिले ते २०१९ मध्ये. अगदी अलीकडचं सांगते. २०२५ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनला ट्विकनहॅमवर ८१ हजारांहून जास्त लोकांनी बघितला. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ हरवलं. त्या कॅनडाच्या संघाला तयारीसाठी लोकांकडून दहा लाख डॉलरची वर्गणी काढावी लागली होती! जगात दुसऱ्या नंबरचा संघ. मला त्या मुलींचं अतोनात कौतुक वाटतं. पण तुझ्या बाबांनी ही बातमी वाचली असती तर ते काय म्हणाले असते, याचाही विचार कर.

भारतात काय आहे? खेळ जुना आहे. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात, तो कप, कोलकात्यातला रग्बी क्लब १८७० च्या दशकात बंद झाला तेव्हा त्याच्या शिलकी चांदीच्या रुपयांतून घडवलाय. पण भारताचा संघ आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला तो १९९८ मध्ये. आपल्या महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला विजय मिळवला जून २०१९ मध्ये, मनिलाला, सिंगापूरविरुद्ध, २१-१९ असा. दोन गुणांनी! २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, सेव्हन्सचा, सहा फ्रँचायझींचा. पैसे आले, टीव्हीवर दिसलं, चांगलं झालं. पण ते सहाही संघ पुरुषांचे होते. तुझ्यासाठी आज तरी भारतात रग्बी खेळून महिन्याला पगार मिळेल अशी जागा नाही. उद्या होईल. सेव्हन्स २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यामुळे सरकारचं लक्ष आहे, शाळांच्या स्पर्धांतही हा खेळ आलाय. पण ‘उद्या होईल’ यावर घरभाडं भरता येत नाही.

म्हणजे बाबा बरोबर? अर्धे. ‘रग्बी खेळून पोट भरत नाही’ हे त्यांचं आजपुरतं बरोबर आहे. ‘म्हणून रग्बी सोड’ हे त्यातून निघत नाही. आणि तुझा प्रश्नही मला मुळातच चुकीचा मांडलेला वाटतो. तू विचारतेस, रग्बी की पदवी. आपल्याकडे महिला रग्बीत जी टिकली, ती दोन्ही हातात धरूनच टिकली. पुण्याची वाहबीझ भरुचा भारतीय संघाची कर्णधार होती, आणि ती फिजिओथेरपिस्ट आहे. परदेशातलं उदाहरण हवं तर अमेरिकेची इलोना माहेर घे. तिचे व्हिडिओ तू नक्की बघितले असशील. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिच्या संघाला सेव्हन्सचं कांस्य मिळालं. तिने नर्सिंगची पदवी पूर्ण केली आहे. आणि ती रग्बी खेळायला लागली सतराव्या वर्षी, म्हणजे फार लवकर नाही. ‘ही संधी परत येणार नाही’ हे वीस वर्षांच्या विंगरला सांगण्याजोगं वाक्य नाही. तुझा वेग अजून चार-पाच वर्षं तरी वाढायचाच आहे.

आपल्या जिल्ह्यातच बघ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आधी सैन्यात भरती झाला, वल्हवणं तिथे शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला गेला. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतला ओएनजीसीची नोकरी होती. दोघांच्याही मागे महिन्याचा पगार उभा होता. त्या पगाराने त्यांचं खेळणं कमी झालं नाही, उलट लांबलं.

ही गोष्ट बहुतेक खेळाडूंना फार उशिरा कळते म्हणून इथे सविस्तर लिहिते. २०२० साली केंद्र सरकारने क्रीडा कोट्यातून नोकरी मिळणाऱ्या खेळांच्या यादीत वीस नवे खेळ घातले, आणि यादी ६३ वर गेली. त्यात मल्लखांब आहे, रस्सीखेच आहे, आणि रग्बीही आहे. हा कोटा गट ‘क’ पदांसाठी असतो. त्यासाठी देशाकडूनच खेळलेलं असावं लागतं असं नाही. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेलेही अर्ज करू शकतात. म्हणजे ज्या दारासाठी तू भारताची जर्सी हवी म्हणतेस, त्यातलं एक दार तुला कदाचित आजच उघडं आहे. पण आयकर खात्याचं कर सहायकाचं पद घे. त्याला पदवी लागते. तिथे तुझं राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि तुझी बी.कॉम.ची गुणपत्रिका, दोन्ही एकाच अर्जाला जोडावी लागतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. तिथले निकष जास्त कडक आहेत, पदानुसार बदलतात, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून आधी पडताळणी करून घ्यावी लागते. हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचार: माझी स्पर्धा यात बसते का, पडताळणीला कोणती कागदपत्रं लागतात. तोंडी उत्तरावर थांबू नकोस, चालू शासन निर्णयाची प्रत माग. आणि स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं सरांच्या कपाटात ठेवली असतील तर घरी आण. संघटनेचा शिक्का, तारीख, तुझं नाव दहावीच्या दाखल्याप्रमाणे आहे का, हे आत्ताच तपास. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी पडताळणी अडकते. अशी अडकलेली मुलं मी बघितली आहेत.

आता परीक्षा आणि शिबिर. तुला वाटतंय दोन रस्ते आहेत. मला चार दिसतात.

शिबिराला जायचं आणि सगळी परीक्षा सोडायची, हा तुझ्या सरांचा रस्ता. माझा त्याला विरोध आहे, आणि डोक्याचं बघता आज तर ठाम विरोध आहे. परीक्षा द्यायची आणि शिबिराला नुसतं गप्प राहून दांडी मारायची, हा बाबांचा. तोही नको, कारण न कळवता गैरहजर राहिलेल्या खेळाडूचं नाव पुढच्या यादीत येणं अवघड होतं. तिसरा रस्ता: वेळापत्रक समोर ठेवून नेमके किती पेपर आणि शिबिराचे किती दिवस एकमेकांवर येतात ते बघ. सगळे नक्कीच येत नसतील. जे येतात तेवढ्यांसाठी कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांमार्फत विद्यापीठाकडे लेखी अर्ज कर, सोबत शिबिराच्या पत्राची प्रत लाव आणि पोच घे. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय खेळाडूंना परीक्षेत काय सवलत मिळते ते नियमात शोधायला त्यांनाच सांग, ते त्यांचं काम आहे. सवलत मिळाली नाही आणि एक-दोन पेपर मागे राहिले, तर ते पुढच्या खेपेला देता येतात. त्याला ‘वर्ष वाया’ म्हणत नाहीत.

चौथा रस्ता मला आज सगळ्यात बरा वाटतो. डॉक्टरांचं पत्र घेऊन राज्य संघटनेमार्फत शिबिराला कळवायचं, की खेळाडू जखमी आहे, परवानगी मिळाली की पुढच्या शिबिरासाठी विचार व्हावा. दरम्यान परीक्षा द्यायची. मळमळ होत असेल तर अभ्यासही तुकड्यातुकड्याने, वीस मिनिटं आणि विश्रांती असा, डॉक्टर सांगतील तसा. गरज पडली तर परीक्षेलाही वैद्यकीय कारण लागू होतं, तेच पत्र कॉलेजला दाखव. जखमी म्हणून कळवलेलं नाव आणि न सांगता गायब झालेलं नाव यांत निवड समिती फरक करते. नाहीच केला, तरी तुझं डोकं शाबूत असेल आणि पुढचा हंगाम असेल.

आणि ज्या दिवशी शिबिराला जाशील, त्याआधी सरांना चार गोष्टी विचार. किती जणींना बोलावलंय आणि किती निवडायच्या आहेत? कुठल्या स्पर्धेसाठी? प्रवास, राहणं, आहार, किट याचा खर्च कोण करणार? दुखापतीचा विमा आहे का, आणि गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन लागलं तर तो भरतो का? शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात. लाजू नकोस. गुडघ्याचं लिगामेंट मुलांपेक्षा मुलींचं जास्त वेळा जातं, आणि दिशा बदलत पळणाऱ्या विंगरचं तर हमखास धोक्यात असतं. ऑपरेशननंतर नऊ-दहा महिने मैदान बंद राहू शकतं.

बाबांशी बोलताना ‘तुम्हाला खेळातलं काय कळतं’ या सुरात बोलू नकोस. शिफ्टवरून आलेला माणूस पोटाचा प्रश्न विचारतो तेव्हा तो स्वतःच्या आयुष्याचा अनुभव विचारत असतो. त्यांच्यासमोर एक कागद ठेव: पदवी कधी, कोणत्या भरतीला कधी अर्ज, रग्बीला आठवड्यातले किती तास, खर्च किती, आणि वयाच्या कितव्या वर्षापर्यंत काहीच झालं नाही तर काय. त्या कागदावर डॉक्टरांची फी पण लिही. तुझ्या बोलण्यापेक्षा तो आकड्यांचा कागद त्यांना जवळचा वाटेल. आणि एकदा त्यांना सामना बघायला घेऊन जा. सात-सात मिनिटांची दोन सत्रं असतात, शिफ्टच्या आधीही बघून होतं. पोरगी बॉल घेऊन कडेने सुटली की कुठल्या बापाला काय वाटतं, हे मी मैदानाच्या कडेला उभं राहून बघितलंय.

तुझ्या लग्नाच्या आईच्या काळजीवर फार लिहीत नाही. हाडं जुळतात. आणि मुलगी खेळते म्हणून जो नाही म्हणणार, त्याच्या घरी तुला पाठवायची आईचीही इच्छा नसेल. तिला शांतपणे विचारून बघ.

असंच पत्र मला कुस्तीतल्या मुलाचं येतं, खो-खोतल्या मुलीचं येतं, म्हणून पालकांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी दोन शब्द. पोरं दुखणं लपवतात, कारण दुखणं सांगितलं की संघाबाहेर, हे त्यांनी आपल्याकडूनच शिकलेलं असतं. डोक्याला मार लागल्याचं सांगणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर शाबासकी द्या आणि तिची जागा राखून ठेवा. मग पुढची मुलगी सांगेल. जागतिक रग्बी संघटनेचे कन्कशनचे आणि सुरक्षित खेळाचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन फुकट आहेत. ते इंग्रजीत जड वाटले तर कॉलेजातल्या एखाद्या मुलीकडून समजून घ्या. त्याच वाटेने पुढे पंचगिरी आणि प्रशिक्षणाचे अभ्यासक्रमही आहेत. विंगर, ते तुझ्यासाठीही लिहितेय. खेळायला मनाई आहे त्या दिवसांत शिट्टी हातात घे, कडेला उभी राहून खेळ वाच. नाशिकमध्ये रग्बीचे पंच हवेच आहेत.

डॉक्टरकडे उद्याच जा. कॉलेजचा अर्ज त्यानंतर दोन दिवसांत दे. विद्यापीठाने नकार दिला तर तो लेखी माग आणि त्याची प्रत मला पाठव. पुढचा अर्ज कुणाच्या नावाने आणि कसा करायचा ते आपण मिळून लिहू.

तुझी,
ताई